हँडबिल: नाटकाने अनोळखी प्रेक्षकाला घातलेली साद

कार्तिक लागला की सिंधुदुर्गातल्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि त्यांच्यासोबत दशावताराचा हंगामही. कुठल्या गावची जत्रा कोणत्या तिथीला आणि त्या रात्री देवळासमोर कोणती मंडळी उभी राहणार, हे पंचक्रोशीला तोंडपाठ असते. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, खानोलकर ही मंडळांची नावे गावांवरून पडलेली. देवस्थानांशी असलेले त्यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे. मंडळींचा पेटारा गावात पोहोचला की खेळ होणार, हे ठरलेले. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही, दरपत्रक नाही. अशा खेळाची जाहिरात करायची तरी कोणासाठी? ज्यांना यायचे ते येणारच होते, आणि ते बहुतेक सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते.

नाटकाच्या छापील जाहिरातींवरच्या पुस्तकाची सुरुवात मी जाहिरात नसलेल्या खेळापासून मुद्दाम करतो आहे. छापील जाहिरात अनोळखी माणसासाठी असते. ज्याला तिथी ठाऊक नाही, मंडळी ठाऊक नाही, जो खिशातले पैसे मोजून आत यायचे की नाही हे ठरवणार आहे, त्याच्याशी बोलण्यासाठी नाटकाला कागद लागतो. मराठी नाटक देवळासमोरून आणि दरबारातून बाहेर पडून नाट्यगृहात कसे शिरले, ते नेमके कोणाला हाक मारत होते, कोणाला बाहेर ठेवत होते, हे त्या कागदाइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. नाट्यसंहिता नाटककाराची असते. आठवणी नटांच्या असतात. हँडबिलात मात्र प्रेक्षक असतो. त्याचा खिसा, त्याची बायकामुले, त्याच्या सवयी आणि त्याची भीतीसुद्धा.

या बदलाची वेळ आपल्याला बरीचशी नेमकी सांगता येते. उत्तर कानडातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, आणि 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' झाले, ही कथा शाळकरी मुलांनाही माहीत असते. तिचा पुढचा भाग त्या मानाने कमी सांगितला जातो. 1851 मध्ये चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. नटांची पोटे भरायची तर गावोगाव जाऊन पैसे घेऊन खेळ करणे भाग होते. 1853 मध्ये ही मंडळी मुंबईला आली. आधी गिरगावात आणि मग मार्च महिन्यात ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. त्या खेळांच्या जाहिराती मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत छापून आल्या. खेळ मराठी, कथा रामायणाची आणि जाहिरातीची भाषा इंग्रजी! त्या नाट्यगृहात इंग्रजी नाटकांच्या जाहिरातींची पद्धत आधीपासून रुळलेली होती. तोच साचा भाव्यांच्या खेळाला लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात या मंडळींनी 'राजा गोपीचंद' हिंदीत करून दाखवले, म्हणजे मराठी न समजणारा प्रेक्षकही त्यांना हवा होता. दरबारात एका राजाला खूश करणारे नाटक दोनतीन वर्षांत शहरभरच्या परक्या माणसांशी बोलू लागले.

छपाईची तयारी त्याआधी बराच काळ चालू होती, आणि ती आमच्या किनाऱ्याच्या अगदी शेजारून सुरू झाली. गोव्यात छापखाना आला तो 1556 मध्ये. पण तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रोमन अक्षरांत छापावे लागले. मराठी अक्षर रोजच्या छपाईत रुळायला एकोणिसावे शतक उजाडले, आणि त्यात अमेरिकेहून मुंबईला आलेल्या मिशनऱ्यांच्या छापखान्याचा वाटा मोठा आहे. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी लहान वयात याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करत होते. पुढे 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा अक्षरांचा ओतकारखाना काढला आणि 1869 मध्ये छापखाना. आमच्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट यात आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू केले, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर देऊन. मराठी माणसाला छापील मजकूर नियमाने वाचायची सवय लागली ती तिथून. ही सवय नसती तर हँडबिल कोणी वाचले असते?

अमेरिकेचे नाव आलेच आहे तर तिथला एक दाखला इथे द्यायला हवा, कारण नाटकाची जाहिरात काय काय करू शकते हे त्यातून कळते. इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींत नाटकाकडे अनेक ठिकाणी पाप म्हणून पाहत. मॅसॅच्युसेट्समध्ये 1750 मध्ये नाटकांवर कायद्याने बंदी आली. 1752 मध्ये लंडनहून आलेल्या हॅलम यांच्या मंडळीने व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गला 'मर्चंट ऑफ व्हेनिस' केले आणि त्याची जाहिरात 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये दिली. तिथे अडचण नव्हती. पण 1761 मध्ये डेव्हिड डग्लस यांची मंडळी न्यूपोर्टला गेली तेव्हा नाटक हा शब्दच टाळावा लागला. 'ऑथेल्लो'ची जाहिरात नीतिपर संवाद म्हणून केली गेली आणि मत्सराचे दुष्परिणाम, आज्ञाभंगाचे फळ असे प्रत्येक पात्राचे तात्पर्य पत्रकातच छापले गेले. 1774 मध्ये तर वसाहतींच्या काँग्रेसने नाटकांना उत्तेजन देऊ नये असा ठरावच केला. आपल्याकडे कायद्याने सरसकट बंदी नव्हती, तरी 'नाटक्या' हा शब्द शिवीसारखा वापरला जात होता. घरंदाज माणसाने नाटकाला जावे की नाही, आणि गेला तर घरच्या बायकांना न्यावे की नाही, हा वाद किती तरी वर्षे चालला. म्हणून मराठी जाहिरातीही आपला खेळ पौराणिक आहे, बोधप्रद आहे, कुटुंबासह पाहण्याजोगा आहे हे पुन्हापुन्हा सांगत राहिल्या. अनोळखी प्रेक्षकाला बोलावायचे तर आधी त्याची शंका फेडावी लागते. न्यूपोर्ट असो की गिरगाव.

आता एक हँडबिल हातात घेऊन पाहू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोनतीन दशकांतले, नाटक कंपन्यांच्या भरभराटीचे. कागद पातळ, गुलाबी, पिवळा नाहीतर हिरवा. स्वस्तातला, कारण तो एका संध्याकाळपुरताच जगणार असतो. माथ्यावर श्रीगजानन प्रसन्न. खाली कंपनीचे नाव, छापखान्यात असलेल्या सर्वांत मोठ्या टाइपात, बहुतेकदा लाकडी. खिळे जुळवणाऱ्याची खरी कसोटी इथेच. नाव लांब, कागद अरुंद आणि मोठ्या टाइपाच्या खणात हवी ती जोडाक्षरे पुरेशी नाहीत. मग एकाच ओळीत दोन जातींची अक्षरे येतात, एखादी वेलांटी किंचित वर चढते, दोन ओळींमधली मोकळी जागा फुलांच्या पट्ट्यांनी भरली जाते. त्याखाली 'आज रात्रौ' आणि वेळ. मग नाटकाचे नाव. ते संगीत असेल तर 'संगीत' हा शब्द नाटकाच्या नावाइतकाच ठळक. नंतर नाटककार, मुख्य पात्रे, नव्या पडद्यांची आणि पोशाखांची वाखाणणी. त्यानंतर दर: कोच, खुर्ची, बाक, पिट, आणि स्त्रियांची स्वतंत्र सोय.

माझ्या मते खरी गंमत तळाच्या बारीक टाइपातल्या सूचनांत आहे. कडेवरच्या मुलांचे काय, विडी-सिगारेट ओढावी की नाही, एकदा घेतलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळतील का, आयत्या वेळी पात्रांत फेरफार करण्याचा हक्क कोणाचा, वन्समोअर द्यायचा की नाही हे कोण ठरवणार. प्रत्येक सूचनेमागे आदल्या कुठल्या तरी खेळातले भांडण आहे. प्रेक्षक पाच-पाच वन्समोअर मागत असल्याशिवाय मॅनेजर त्यावर ओळ छापणार नाही. जत्रेत बसायचे कसे हे कोणी छापून सांगत नाही, कारण तिथे गावाचा धाक असतो. नाट्यगृहात शेजारी बसलेला माणूस कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. तिथे वागण्याचे नियम कागदावर आणावे लागले. मराठी माणूस सार्वजनिक जागेत परक्यांसोबत शांत बसायला कसा शिकला, याचा अभ्यास कोणाला करायचा असेल तर त्याने या तळटिपांपासून सुरुवात करावी.

अगदी शेवटची ओळ छापखान्याची. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण देणे बंधनकारक झाले. सरकारचा हेतू नजर ठेवण्याचा होता, पण त्याचा फायदा आज आपल्याला होतो. हँडबिलावर वर्ष क्वचितच असते; 'शनिवार ता. 12' एवढेच. ज्याला आज रात्री यायचे आहे त्याला वर्ष सांगून काय उपयोग? मग अभ्यासक वार आणि तारीख यांचा मेळ जुन्या पंचांगात शोधतो, कंपनी त्या सुमारास कुठे होती ते पाहतो, आणि छापखान्याच्या ओळीवरून गाव पक्के करतो. कंटाळवाणे काम खरे, पण एकेका कंपनीच्या दौऱ्याचा नकाशा असाच उभा राहतो.

या काळातल्या जाहिरातींत नावांची जागा बदलत गेली, तीही पाहण्यासारखी आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हापासून बराच काळ कंपनीचे नाव हीच हमी होती. पुढे नटाचे नाव वर चढले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले तेव्हा सर्वांत वरचा दर 100 रुपये होता. दोन कंपन्यांची चुरस एका रात्रीपुरती एका रंगमंचावर आली होती, आणि 'संयुक्त' या एका शब्दाने ती सगळी उत्कंठा विकली. आमच्याकडे आज दशावतारातले निरनिराळ्या मंडळांचे गाजलेले कलाकार एकत्र आणतात तेव्हा पत्रकावर 'संयुक्त दशावतार' असेच छापतात. मला यात धागा दिसतो.

जाहिरातीत जे छापले जात नाही तेही वाचता आले पाहिजे. नाट्यप्रयोगांवर सरकारला बंदी घालू देणारा 1876 चा कायदा डोक्यावर होता. खाडिलकरांचे 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेले लॉर्ड कर्झन हे प्रेक्षक ओळखून होते, पण तसे छापणे शक्यच नव्हते. जाहिरातीला महाभारताचे नाव पुरेसे होते. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. पौराणिक नावाच्या आडून बोलण्याची सोय हँडबिलाने किती काळ पुरवली, याचा शोध घ्यायला अजून पुष्कळ वाव आहे.

बोलपट आले आणि कंपन्यांचे दिवस फिरले. 1931 मध्ये 'आलम आरा', 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा'. थिएटरवाल्यांना चित्रपट परवडू लागला. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणले, त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या आणि पात्रांच्या यादीतला तो बदल जाहिरातीतूनही दिसू लागला. पण एकंदर हा काळ जाहिरातींच्या दृष्टीनेही उतरतीचा आहे. पुन्हा जोम आला तो स्वातंत्र्यानंतर, वृत्तपत्रांच्या रविवारच्या नाट्यपानांमुळे. कमल शेडगे यांनी पाच दशकांहून अधिक काळ या जाहिरातींसाठी नाटकांची नावे रेखाटली. गंभीर नाटकाचे अक्षर वेगळे, फार्सचे वेगळे. काळ्या-पांढऱ्या लहानशा चौकटीत नाटकाचा स्वभाव अक्षरातून कळायचा. 2020 मध्ये ते गेले. मराठी नाटकाच्या इतिहासात नेपथ्यकाराला मिळते तेवढीच जागा या अक्षरकाराला मिळाली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

याच नाट्यपानांनी मालवणी बोलीला मुंबईत दारे उघडून दिली. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 मध्ये आले, मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी त्यातून घराघरांत पोहोचले आणि नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले. लालबाग-परळच्या चाळीतला चाकरमानी हा या जाहिरातीचा वाचक. तो गावात असता तर त्याला जाहिरात लागली नसती, मुंबईत लागली. मामा वरेरकरांची गोष्ट याच्या उलट दिशेची. कोकणात पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाचे 'कुंजविहारी' 1908 मध्ये रंगभूमीवर आले आणि मग मोठ्या कंपन्यांच्या हँडबिलांवर त्यांचे नाव झळकत राहिले. त्यांचे 'माझा नाटकी संसार' हे आत्मचरित्र या विषयाच्या अभ्यासकाने वाचायलाच हवे. मालवणच्या नाट्यगृहाला आज त्यांचेच नाव आहे.

आणि दशावतार? ज्याला जाहिरातीची गरज नव्हती तो आज जाहिरातीने गजबजला आहे. जत्रेबाहेरचे प्रयोग वाढले. वाढदिवस, सत्यनारायण, मंडळांचे वर्धापनदिन, तिकिटाचे महोत्सव. जिल्ह्याच्या दैनिकांत आजचे दशावतार कुठे, याची माहिती छापून येते. नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात आणि त्यावर 'ट्रिकसीनयुक्त महान पौराणिक नाट्यप्रयोग' असे शब्द असतात. राजाची आणि स्त्रीची भूमिका करणारे, म्हणजे राजपार्टी, स्त्रीपार्टी कोण, हे फोटोसह कळते. हार्मोनियम, पखवाज आणि झांज वाजवणाऱ्यांचीही नावे असतात. जुन्या कंपन्यांच्या हँडबिलांत तबलजीचे नाव शोधून सापडणे कठीण; दशावताराचे पत्रक या बाबतीत अधिक न्यायी आहे. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तिथीला बांधलेली नाही; देवीचा कौल झाला की ती जाहीर होते, आणि त्याच दिवशी ती मुंबईत पोहोचून चाकरमान्यांची गाडीची तिकिटे काढायची धावपळ सुरू होते. जत्राही आता दूरच्या माणसांना हाक मारते.

या विषयाकडे आजवर तीन बाजूंनी पाहिले गेले. पहिली बाजू नाट्येतिहासकारांची. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांनी 1903 मध्ये 'मराठी रंगभूमि' लिहिली ती बरीचशी ऐकीव माहितीवर आणि आठवणींवर, श्री. ना. बनहट्टी यांनी 1957 च्या आपल्या इतिहासात समकालीन कागदांना महत्त्व दिले, आणि तारखांचा घोळ पुष्कळ मिटला. कुमुद मेहतांनी मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीचा अभ्यास जुन्या वृत्तपत्रांच्या आधाराने केला. दुसरी बाजू मुद्रणाच्या अभ्यासकांची; अ. का. प्रियोळकर आणि बापूराव नाईक यांच्या कामाशिवाय आपल्याला टाइपांची ओळखच झाली नसती. तिसरी बाजू समाजाच्या अभ्यासाची: दर किती, स्त्रिया कुठे बसत, कोणाला आत घेत. ती तुलनेने नवी आहे. अडचण अशी की हे तिघे एकमेकांची पुस्तके फारशी उघडत नाहीत. नाट्येतिहासकार जाहिरातीतून तारीख उचलतो आणि कागद बाजूला ठेवतो. मुद्रणाचा अभ्यासक अक्षर पाहतो, नाटक पाहत नाही. शिवाय एक सावधगिरी तिघांनीही बाळगायला हवी. जाहिरात हा संकल्प आहे, पुरावा नव्हे. छापलेला खेळ पावसाने, आजाराने किंवा कर्जाने रद्द झालेला असू शकतो. म्हणून एका जाहिरातीवर निष्कर्ष बांधू नये.

प्रस्तुत पुस्तक या तिन्ही बाजू एकत्र आणू पाहते. वृत्तपत्रातली जाहिरात, कंपनीचे हँडबिल आणि दशावताराचे पत्रक हे तिन्ही कागद इथे शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि तो या पुस्तकाचा धाडसी भाग आहे. संगीत नाटकाच्या अभ्यासकांना दशावताराचा फ्लेक्स इथे कशाला, असे वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. तिकीट आणि देवस्थान, शहर आणि गाव, छापील शब्द आणि तोंडी निरोप यांचा संबंध ज्या भागात अजून डोळ्यांसमोर घडतो आहे, तिथे बसून हा इतिहास लिहिण्याचा फायदा आहे. पुण्या-मुंबईत तो केवळ दप्तरात उरला आहे. पुस्तकात काही जागा रिकाम्या आहेत. किनाऱ्यावरच्या लहान छापखान्यांची हकिकत त्रोटक आहे, आणि नाटकवाल्यांची उधारी, छपाईचा खर्च, वाटपाची व्यवस्था यांबद्दल वाचकाला आणखी हवे असे वाटेल. लेखनाचा दोष त्यात कमी, कागद नाहीसे होण्याचा अधिक.

कारण आमच्या हवेत कागद टिकत नाही. चार महिन्यांचा पाऊस, खारी दमट हवा, वाळवी आणि कसर. ट्रेडल यंत्रे भंगारात गेली, खिळे वितळवले गेले, लाकडी टाइप चुलीत गेले. फ्लेक्सची गत त्याहून वाईट. प्रयोग झाला की तो कोणाच्या तरी लाकडांच्या ढिगावर पावसाळी झाकण म्हणून जातो. मोबाइलवर फिरणारी जाहिरात दुसऱ्या दिवशी पुसली जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कंपनीची दोन हँडबिले तरी सापडतात. दहा वर्षांपूर्वीच्या दशावताराचे एकही पत्रक सापडणार नाही, अशी वेळ येऊ घातली आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात जुन्या ट्रंका असतील, आजोबांच्या वह्यांत घड्या घातलेले रंगीत कागद असतील, नाटकाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले एखादे हँडबिल असेल, तर ते टाकू नका. त्याचा दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो घ्या, छापखान्याची तळाची ओळ कापली जाणार नाही असा. कागद कुठे आणि कोणाकडे मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. मूळ कागदावर पेन चालवू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका. आणि तो मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, जिथे जवळ असेल तिथल्या जुन्या वाचनालयात नेऊन द्या. दशावतार मंडळांच्या चालकांनीही यंदाच्या हंगामापासून प्रत्येक पत्रकाची एक प्रत वर्ष घालून बाजूला काढून ठेवावी.

मालवण